राखून ठेवलेली ताकद

तालमीच्या दारात तवा मी होते, माझे मालक होते, त्यांचा धाकटा भाऊ शिवा आन् वस्ताद. वस्ताद मालकांच्याच वयाचा, पण मांडी घालून बसलेला माणूस हात न टेकता उठला. ते बघून मालकांवर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

लगीन झालं तशी मालकांनी तालीम सोडली. जोर-बैठकांनी ताकद सरती, मग बायकोला काय उरणार, हे त्यांच्या डोक्यात. पाणी मी भरलं, सरपण मी आणलं, हे खाटेवर. पुढं माझ्याजवळ यायचेच थांबले आन् बाजारातलं ताकदीचं भस्म खाऊ लागले. आता परसाकडं बसले तर मीच उठवते.

शिवा म्हणाला, "वैनी, दादाचं वय झालं."

"वय माझं बी झालंय," वस्ताद म्हणाला. "ताकद वापरली न्हाई की जाती. अंथरुणातली बी. अजून बी येळ हाय, भिंत धरून बैठका काढाय लाग गड्या."

मालक म्हणाले, "लोकं हसतील."

"तुम्हाला उचलून माझी कंबर गेली, तवा कोण हसलं न्हाई," मी म्हणाले.

मालक माझ्या खांद्यावर भार टाकून घराकडं निघाले.

वाचणाऱ्या बाबांनो, अंग चालतंय तवर बैठका सोडू नका. बायको उचलंल, या भरवशावर राहू नका.