वन्संनी उसवलेली माशी

लग्न होऊन मला जेमतेम तीन महिने झाले असतील. मी मोरीत भांडी घासत होते आणि भिंतीपलीकडे सासूबाईंचं आणि माझ्या मोठ्या नणंदेचं, म्हणजे वन्संचं, कडाक्याचं भांडण जुंपलं होतं. मी घासणं थांबवलं. नव्या सुनेला दुसरी करमणूक ती काय असणार?

वन्संना स्थळ आलं होतं. मुलगा हेडक्लार्क. वन्सं कुणाला न सांगता त्याच्या कचेरीत गेल्या आणि शिपायाला विचारून खात्री करून आल्या.

"मग? निघाला ना हेडक्लार्क?" सासूबाई ओरडल्या.

"निघाला."

"व्यसन नाही म्हणाले होते. आहे का?"

"नाही."

"मग घोडं अडलंय कुठे, कार्टे?"

"आई, तो सगळंच खरं सांगतोय. म्हणजे काहीतरी मोठं लपवत असणार."

ते स्थळ गेलं, त्याच्या मागची दोनही गेली. वन्सं आमच्या मागच्या खोलीत राहिल्या त्या कायमच्या.

कपडे शिवायच्या कारखान्यात त्या काजं करायच्या. शर्टाची, कोटाची, सगळी हाताने. तीस वर्षं केली. मग तिथे काजाचं मशीन आलं. वन्सं दोन दिवस त्या मशीनसमोर उभ्या राहून त्याची काजं तपासत होत्या, एखादी तरी खोट सापडेल म्हणून. सापडली नाही. तिसऱ्या दिवशी मालकाने एक छत्री देऊन त्यांना निरोप दिला. घरी आल्या आल्या वन्संनी ती छत्री उघडली आणि उजेडाकडे धरून भोकं शोधली.

ह्यांनी मायेने म्हटलं, "ताई, जन्मभर राबलीस. आता आराम कर."

"आराम म्हणजे? हे तुझ्या डोक्यातलं, की हिने शिकवलं?"

हिने म्हणजे मी. मी तिथेच उभी होते.

पण एका दुपारी जेवताना त्या मला हळूच म्हणाल्या, "आज मला हसून वाढतेस. वर्षाने तुझा हात आखडेल. तुझा दोष नाही गं, माणूस असाच. पण तो दिवस मला बघायचा नाही. मला माझ्या हाताचं खायचंय." खरं तर मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण माझ्या हाताची मलाच खात्री नव्हती.

नदीच्या पुलाशी मासे धरायच्या सामानाचं एक दुकान होतं. मालकाला सगळे गळवालाच म्हणत. तिथे पाटी लागली, 'बारीक हाताचं माणूस पाहिजे'. वन्संनी पहिल्या दिवशी मला साक्षीदार म्हणून बरोबर नेलं. कशाची साक्ष, ते सांगितलं नाही.

गळवाला जाड चष्म्याचा, कमी बोलणारा माणूस. टेबलाच्या कडेला त्याने एक छोटा लोखंडी शिकंजा आवळला होता आणि त्यात चिमुकला गळ पकडून ठेवला होता. म्हणाला, "काही हौशी लोक गळाला गांडूळ लावत नाहीत. त्यांना माशी लागते, पण खोटी. ती आपण बांधायची. पिसाचे चार केस म्हणजे शेपूट, लोकर गुंडाळली की पोट, कोंबड्याच्या मानेचं पीस फिरवलं की पाय. पाण्यावर पडली की माशाला ती खरी वाटते."

"आणि तो गिळतो?"

"गिळतो."

"न बघता?"

"बाई, मासा आहे तो."

वन्संचा काही विश्वास बसला नाही. माझ्या मनात आलं, ह्या मासा असत्या तर उपाशी मेल्या असत्या, पण गळाला लागल्या नसत्या.

अट अशी होती की महिनाभर शिकायचं. महिन्याच्या शेवटी बारा माश्या द्यायच्या, एकसारख्या, आणि पाण्यात बुडवून ओढल्या तरी न सुटणाऱ्या. जमलं तर घरी बसून बांधायचं काम कायमचं. नाही जमलं तर आपला रस्ता धरायचा.

पहिली माशी वन्संनी अशी देखणी बांधली की मला वाटलं आता उडते. गळवाल्याने ती फिरवून पाहिली. "बाई, दोरी कुठून ओवू?"

गळाच्या टोकाला बारीक डोळा असतो, त्यातून दोरी जाते. वन्संनी तो डोळाच पिसांनी आणि दोऱ्याने बुजवून टाकला होता. काजाची सवय! कड गच्च भरायची, आतलं सूत दिसता कामा नये.

"हे आधी सांगायला काय झालं होतं?" वन्सं फणकारल्या. घरी येताना मला म्हणाल्या, "मुद्दाम सांगितलं नाही त्याने. माणूस आतल्या गाठीचा आहे."

डोळा मोकळा ठेवायला त्या दोन दिवसांत शिकल्या. पण माश्या सुटायच्या. गळवाला पाण्याच्या पेल्यात माशी बुडवायचा, नखाने जरा ओढायचा, की दोरा सैल, पीस बाहेर. वन्संनी एकाच्या दोन गाठी मारल्या, दोनाच्या तीन मारल्या. गाठींचा गठ्ठा व्हायचा, तरी ते गुळगुळीत रेशीम निसटायचंच. त्याच्या स्वतःच्या माश्या मात्र ओढून ओढून नख दुखलं तरी हलायच्या नाहीत.

तिसऱ्या आठवड्यात वन्सं तणतणत घरी आल्या. "शेवटची गाठ मारताना तो माझ्याकडे पाठ करतो."

"उजेडाकडे वळत असतील," मी म्हटलं.

"उजेड समोरून येतो. तो भिंतीकडे वळतो. तू उद्या दुकानात जा आणि त्याने बांधलेली एक माशी विकत आण. मला द्यायचा नाही तो."

मी गेले; पहिल्या दिवशी पाहिलेला माझा चेहरा त्या जाड चष्म्याच्या लक्षात नसेल, असं धरून. माझ्या आयुष्यात मी खोटं बोलले असेन, पण दुकानदारासमोर उभं राहून, इतकं ठरवून नाही.

"तुम्ही मासे धरता?" गळवाल्याने चष्म्यावरून विचारलं.

"मी नाही, ह्यांना हौस आहे." ह्यांना ताटातल्या माशाचे काटेसुद्धा मी काढून द्यायची. मला हसू आवरेना. गळवाला बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला आणि मग माशी कागदात गुंडाळून दिली.

दुपारी खिडकीशी पांढरं फडकं अंथरून वन्सं बसल्या. दुसऱ्याने शिवलेला कपडा कसा बेतलाय ते कळायला तो उसवावा लागतो, ही त्यांची शाळा. माशीच्या डोक्यावरचं रोगण त्यांनी नखाने खरवडलं, बारीक सुई घातली आणि एकेक फेरा उलटा सोडवत गेल्या. निघालेली वस्तू निघाली त्या क्रमाने फडक्यावर मांडत होत्या. मी श्वाससुद्धा जपून घेत होते, पीस उडालं तर माझी धडगत नव्हती.

"गाठच नाही!" वन्सं एकदम म्हणाल्या.

"पडली असेल खाली."

"गाठ खाली पडते का, शहाणे? मारलेलीच नाही. हे बघ. दोरा शेवटी स्वतःच्याच पाच फेऱ्यांखाली जाऊन बसलाय. त्याच्यावर त्याचंच ओझं. म्हणून हलत नाही." मग ओठ आवळून म्हणाल्या, "आणि मेला मला सांगत होता, गाठ मारा, गाठ मारा."

उरलेला आठवडा खोलीचं दार लावून त्यांनी तेवढंच केलं. जेवणाचं ताटही उंबऱ्यात ठेवावं लागायचं.

ठरल्या दिवशी मी परत बरोबर गेले. गळवाल्याने एकेक करून बाराही माश्या पेल्यात बुडवल्या, ओढल्या. एकही सुटली नाही. त्याचा चेहरा मात्र उतरत गेला.

"हे कोणी शिकवलं तुम्हाला?"

"तुम्हीच."

"मी तर दाखवलं नव्हतं." बोलून गेला आणि जीभ चावली.

"बघ!" वन्सं माझ्याकडे वळल्या. तेव्हा मला कळलं साक्ष कशाची ते.

"मागे एकाला दाखवलं होतं," गळवाला खाली मान घालून म्हणाला. "महिन्याभरात त्याने पुलापलीकडे दुकान थाटलं. मला वाटलं, तुम्हाला त्यानेच धाडलं असेल."

"मी तुमची एक उसवली," वन्सं म्हणाल्या. लपवणं त्यांना जमायचं नाही, ते त्या दुसऱ्यांचं काम समजायच्या.

"ठाऊक आहे. ह्या बाई नवऱ्याची हौस सांगताना हसत होत्या. तेव्हाच मनात पाल चुकचुकली."

माझे कान तापले. त्याने माश्या डबीत भरल्या, झाकण लावलं आणि डबी स्वतःकडेच धरून ठेवली. मला वाटलं, संपलं, आता घरी जाऊन आरामाचा विषय निघणार. वन्संनी पदर मुठीत घट्ट धरला होता. त्यांना तसं मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

"बाई, तुमची कुणावर विश्वास ठेवायची तयारी आहे का?" त्याने विचारलं.

"का? कशासाठी विचारता?"

गळवाला पहिल्यांदाच हसला. "मग माझं गुपित तुमच्याकडे राहील. शनिवारी येत चला."

बारा वर्षं वन्सं शनिवारी जात राहिल्या. घरातली भाजी त्यांच्या कमाईची यायची आणि ती वाढताना माझा हात कसा चालतो, ते त्या डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायच्या. गळवाल्याने नवी तऱ्हा दाखवली, की त्याची एक उसवल्याशिवाय स्वतःची बांधायच्या नाहीत. तोही मग एक जास्तीची देऊन ठेवायचा, उसवायला.

वन्सं वारल्या त्या आठवड्यातला शनिवारही तसाच होता. त्यांचे गुडघे धरले होते म्हणून मी सोबत गेले. गळवाल्याने डबीतून मधली माशी उचलली.

"मधलीच का? कडेची घ्या," वन्सं म्हणाल्या.

त्याने कडेची घेतली, बुडवली, ओढली. "छान आहे."

"छान आहे तर तोंड का वाकडं?"

"दाढ दुखतेय, बाई."

"कुठली?"

त्याने दाखवली. मग पुढच्या आठवड्याचे गळ, रेशीम आणि पिसांची पुडी दिली. आम्ही बाहेर पडलो. चार पावलांवर वन्सं थांबल्या, उन्हात पुडी उघडली, पिसं नाकाशी नेली.

"ही मागच्या कोंबड्याची नाहीत."

"अहो वन्सं, राहू द्या, गुडघे दुखतायत ना."

"तू धर माझा हात," म्हणाल्या आणि पिसं बदलून घ्यायला परत आत शिरल्या.