पाहुणीचे पाय

माझी मोठी बहीण काळी होती. सावळी, गव्हाळ, नाकीडोळी नीटस असले गोड शब्द लग्न जुळवणाऱ्यांनी काढलेत. आमच्या घरी ते कोणी वापरत नसे. आई तिला हाक मारायची तीही ‘काळे’ अशीच, आणि लाडानं मारायची. लाडानं मारलेली हाकही लागते, हे आईला शेवटपर्यंत कळलं नाही. मी तिला बाई म्हणायची. आमच्या सौंदडकडं थोरल्या बहिणीला बाईच म्हणतात.

मी गोरी. त्यात माझं कर्तृत्व शून्य, पण गावानं ते माझ्याच नावावर जमा केलं. बाईला पहिल्यांदा पाहायला पाहुणे आले तेव्हा पाण्याचे गिलास घेऊन मी बाहेर गेले, आणि मुलाच्या आईनं बाईचं सोडून माझंच वय विचारलं. तेव्हापासून पाहुणे येणार असले की मला देवरीच्या गाडीत बसवून पुढं चिचगडला मामाकडं धाडायचे. आमच्याकडं मामा भाचीच्या पाया पडतो, तसा तो माझ्या पाया पडायचा आणि विचारायचा, “आज अजून कोण आलं वो?” तिथं बसून मी देवाला म्हणायची, या वेळी तरी जमू दे. नाहीच जमलं. पुढं माझं लग्न झालं, मी देवरीला कॉलेजात इंग्रजी शिकवू लागले आणि बाई माहेरीच राहिली.

राहिली म्हणजे रडत बसली नाही. धानाच्या रोवणीत, चिखलात ती बायकांच्या पुढं असायची. गावातल्या बायकांचा बचत गट तिनं उभा केला, बँकेच्या साहेबाशी तीच भांडायची. जीभ अशी तिखट की सरपंचही तिला वचकून असे.

दोन हजार साल उलटून काही वर्षं झाली असतील, तेव्हा गोंदियाच्या एका संस्थेनं आमच्या गावात परदेशी पाहुणे आणायचं ठरवलं. युरोपातल्या निरनिराळ्या देशांचे खासदार होते ते. कातडीच्या रंगावरून, धर्मावरून, कुठून आला यावरून कोणाला हिणवू नये, सगळ्या तऱ्हेच्या माणसांना बरोबरीनं जागा मिळावी, म्हणून तिकडं भांडणारा त्यांचा गट होता. आपल्याकडं काय चाललंय ते पाहायला आले होते. संस्थेचा माणूस बचत गटाच्या बैठकीत हात जोडून म्हणाला, “मैडम, बाहर के एमपी लोग हैं, सब एकदम बढ़िया होना चाहिए.” दुभाषी म्हणून मला बोलावलं.

त्याच बैठकीत स्वागताचं ठरलं. पाहुण्यांचे पाय परातीत धुवायचे, नव्या टॉवेलानं पुसायचे, कुंकू लावायचं. गटाची अध्यक्ष बाई, म्हणजे मान तिचा. पण सरपंच तिला म्हणाला, “तुमी भाषण करा, तुमाले चांगलं जमते. पाय धुवाले माह्या सुनेले बसवू. फोटो निंगन ना.”

सून गोरीपान होती. सगळ्यांना समजलं. बाई हसून म्हणाली, “हाव, मी बसली तं फोटोच काळा येईन.” सगळे हसले. माझ्या अंगाचा मात्र तिळपापड झाला. रंगावरून भेद नको म्हणणाऱ्या पाहुण्यांच्या स्वागताला रंग पाहूनच माणूस निवडलं, आणि ते कोणालाही खटकलं नाही. तरी कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी परात चिंचेनं घासली ती बाईनंच. पाणीही तिनंच तापवलं. “थंडीच्या देशातले लोक होत, कोमट पायजे,” म्हणाली.

चौघं येणार होते, आले दोघं. बाकीच्यांची पोटं नागपूरलाच बिघडली. शाळेपुढं गाडी थांबली, पुढच्या दारातून एक गोरा तरुण उतरला आणि सरपंचानं लगेच हार त्याच्या गळ्यात घातला. तो पोरगा नुसता मदतनीस होता, लाजून लाल झाला, ‘मी नाही, मी नाही’ करत मागच्या दाराकडं हात दाखवू लागला. मागून खासदारीणबाई उतरल्या. उंच, पन्नाशीच्या, आणि काळ्या. बाईपेक्षाही काळ्या. त्यांचे आईवडील आफ्रिकेतून तिकडं गेलेले. त्या तिथंच जन्मल्या, तिथंच निवडून आल्या.

मांडवात सरपंचाच्या सुनेनं सासूकडं पाहिलं, सासूनं मान फिरवली. पाहुणी खुर्चीवर येऊन बसली तरी परातीपाशी कोणी जाईना. मग बाई उठली. तिचा तेव्हाचा चेहरा मला अजून दिसतो. नवऱ्या मुलाकडून होकार आला असता तर ती जशी दिसली असती, तशी दिसत होती. आपल्याहून काळी बाई, आणि देशाची खासदार! ती खाली बसली, पदर खोचला, हात ओले केले आणि पाहुणीच्या पायाला हात घातला.

पाहुणीनं चटका बसावा तसे दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले. घाबरून माझ्याकडं पाहत ती म्हणाली, नको, कोणीच कोणाचे पाय धुवू नये, यांना उठायला सांगा. मी तेच मराठीत सांगितलं. दुसरं काय सांगणार? बाई ओले हात घेऊन तशीच बसून राहिली.

मागून कोणीतरी बोललं, “काळीले काळीनंच नाई म्हटलं!” मांडव खदखदून हसला. त्या हसण्याला मी अजून माफ केलेलं नाही, करणारही नाही.

कार्यक्रम मात्र छान झाला. निवडून आल्यावर पहिल्याच दिवशी संसदेच्या पहारेकऱ्यानं आपल्याला झाडूवाल्यांच्या दाराकडं कसं पाठवलं, ते पाहुणीनं सांगितलं. ऐकताना बायकांनी डोळ्यांना पदर लावले. बाईनंही आपलं भाषण न अडखळता केलं. निघताना पाहुणीनं मला बाजूला घेतलं. तिची आजी जन्मभर गोऱ्यांच्या घरच्या फरशा गुडघ्यांवर बसून पुसत आली होती. आपल्या पायाशी कोणी बसलं की आपला श्वास कोंडतो, म्हणाली. तुमच्या बहिणीला एवढं सांगा. बाईला भेटायला तिनं इकडंतिकडं पाहिलं, पण बाई शाळेमागं परात ओतायला गेली होती. संस्थेचा माणूस घड्याळ दाखवत होता, “मैडम, लेट हो रहा है.” गाडी गेली.

मी सगळं बाईला सांगितलं. ती भांडी आवरत ऐकत होती.

“तुले सांगितलं ना तिनं. मले कायले नाई सांगितलं?”

“तुले इंग्रजी येत नाई म्हणून, बाई.”

“पाय ओढाले इंग्रजी लागली का तिले?” मग हळूच म्हणाली, “सगळ्याईसाठी लढते म्हणता. माह्ये हात तं तिलेबी नाई चालले.”

किती समजावलं तिला मी. पण जिला जन्मभर नकारच मिळाले, तिला नुसतं सांगून कसं पटणार? गट तिनं सोडला नाही. पण लग्नात नवरा-नवरीचे पाय धुवायची आमची रीत असते, तिथं ती पुन्हा कधी बसली नाही. आहेर दुरूनच देऊन निघून यायची. पुढं मोबाइल आल्यावर मी तिला त्या खासदारीणबाईंचे फोटो दाखवायची. ती म्हणायची, “बरी दिसून राहिली,” आणि फोन परत द्यायची.

काही वर्षांनी बाईची मूत्रपिंडं बिघडली. मी तिला देवरीला माझ्याकडं आणलं. पाय इतके सुजायचे की बोट दाबलं तर खड्डा पडे. एका दुपारी मी पाणी कोमट केलं, परात घेऊन तिच्या खाटेपाशी खाली बसले आणि पाय हातात घेतले. तिनं झटकन ओढून घेतले. पाणी माझ्या साडीवर सांडलं. मला रागच आला.

“काऊन वो बाई? माह्ये हात चालत नाई का तुले?”

तिचंच वाक्य माझ्या तोंडून निघालं होतं.

“तू एवढी शिकलेली, माह्या पायापाशी बसून राहिली. मले कसंतरीच होते वो,” ती म्हणाली. तिनं माझी ओली साडी चाचपली. आणि मग म्हणाली, “तिलेबी असंच झालं असन का?”

“हाव, बाई.”

त्यावर ती रडली. तिला रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते. पोरांनी नकार दिले तेव्हाही ती माझ्यासमोर रडली नव्हती. “मंग कायले मी एवढी वर्सं…” एवढंच म्हणाली आणि तोंड भिंतीकडं केलं. पाय मात्र मला धुवू दिले नाहीत.

धान कापणीला आलं तेव्हा बाई गेली. तिला आंघोळ घालायला बायकांनी विहिरीचं गार पाणी आणलं. मी ते चुलीवर ठेवलं. उशीर होतोय म्हणून सगळ्या कुरकुरल्या, पण मी ऐकलं नाही. कोमट झाल्यावर तिच्या पायाशी बसले आणि तिचे पाय नीट, बोटाबोटातून धुतले. या वेळी तिनं ते ओढून घेतले नाहीत.