एका तान्ह्यावर सगळ्यांचे हात

मंगल गेल्याचा फोन तिच्या मुलाने केला. "ताई, आई गेली," एवढंच बोलला. कधी, कशाने, हे मी विचारलं खरं, पण मनात आधी आलं ते वेगळंच... आता ती गोष्ट माहीत असलेली मी एकटीच उरले.

नव्वदच्या दशकात हरसूलकडच्या पाड्यांवर आरोग्य स्वयंसेविकांना बाळाची मालिश शिकवायला मी नाशिकहून जात असे. नाकात तेल घालू नका, टाळू दाबू नका, असं सगळं. मंगल त्यांच्यातली सगळ्यांत बोलकी. "ताई, आमच्या आज्यांनी पोरं काय न चोळताच वाढवली का?" म्हणून साऱ्या जणींना हसवायची. एकदा शिबिर तिच्याच पाड्यावर, शाळेच्या ओसरीत होतं आणि सरावाची कापडी बाहुली मी घरीच विसरले. मंगल धावत जाऊन जावेचं, हिराचं, तान्हं घेऊन आली. थंडीचे दिवस, बाळ अंगाने बारीक. मी ते पार उघडं केलं आणि एकेकीला हात फिरवायला लावला. मध्येच मंगल माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "ताई, पोराचं अंग गार पडतंय. झाकू का?"

"थांब गं, सगळ्यांचं होऊ दे."

संध्याकाळी त्याने दूध ओढायचं सोडलं. दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या वाटेवरच ते गेलं.

बाकीच्या जणी लांबच्या पाड्यांवरच्या, त्या आदल्या दिवशीच परतल्या होत्या. घरच्यांनी जाब विचारला तेव्हा मंगल म्हणाली, "मीच नेलं, मीच उघडं ठेवलं." नंतर मला म्हणाली, "तुमचं नाव निघालं तर शिबिरं बंद पडतील ताई, बाया परत नाकात तेल ओततील." मला ते पटलं... पटलं कसलं, सोयीचं होतं. हिरा तिच्याशी पुन्हा बोलली नाही. एकच अंगण, दोन चुली, आणि मरेपर्यंत अबोला.

दहाव्यानंतर मी गेले आणि हिराला सगळं सांगितलं. तांदूळ निवडणारे तिचे हात थांबले.

"झाकू का, म्हणली होती ती?"

"हो."

"मग ती जित्ती होती तव्हा सांगायचं ना, ताई."

ओट्यावर बाळंतपणाला आलेली तिची थोरली लेक आपल्या बाळाला तेल लावत होती. एक पाय चोळून झाला की तो गोधडीत झाकायचा, मग दुसरा बाहेर काढायचा. बाकी सगळं अंग उबेत.

"हे कुणी शिकवलं तुला?" मी विचारलं.

लेक आईकडे बघत राहिली.

"मीच धाडत होते हिला मंगलकडं," हिरा म्हणाली. "बोलत नव्हते, तरी."