रशीदचाचांचं माप

आमच्या कारखान्यात दोन गोष्टी रोज साठतात. एक भुसा आणि दुसरे किस्से. भुसा न्यायला आठवड्याला पोल्ट्रीवाल्याचा टेम्पो येतो. किस्से न्यायला कोणी येत नाही. तुम्ही चहाला बसलाच आहात, तर चार-पाच तुमच्या गळ्यात घालते.

कारखाना म्हणजे लातूरच्या रिंग रोडला एक पत्र्याचं शेड. मी इंटिरिअरची डिझाइनं करते, रशीदचाचा सुतारकाम बघतात आणि बागेचं काम निघालं की उदगीरहून शिवराजअप्पा येतात. चाचांना वय विचारलं तर म्हणतात, "कानावर पेन्सिल ठेवायला लागलो तवापासून मोजा." अप्पांच्या कपाळावर भस्माचे तीन पट्टे असतात, पाणसळ लावून ओढल्यासारखे सरळ. हाच आमचा स्टाफ.

* * *

पहिला किस्सा माझ्यावरचाच. डिग्री घेऊन नवीनच आले होते. एका बेडरूमचं लॅपटॉपवर थ्रीडी केलं. भिंतभर कपाट, छतापर्यंत उंच दारं, आत लायटिंग! चाचांना दाखवलं. ते चष्मा वर-खाली करत बराच वेळ बघत राहिले.

"लई भारी हाय, मॅडम. एकच विचारू?"

"विचारा की!"

"मे महिन्यात ह्यांनी पंखा लावायचा का कपाट उघडायचं?"

छताचा पंखा मी ड्रॉइंगमध्ये काढलाच नव्हता. लातूरचा मे ज्यांनी काढलाय त्यांना पुढचं सांगायला नको. दारं सरकती झाली.

* * *

अहमदपूरला एका बँकेतल्या साहेबांचं किचन होतं. साहेब सहा फूट, मॅडम त्यांच्या खांद्याला. दोघंही नोकरीवाले, मॅडम शाळेत. चाचांची पद्धत अशी की ओट्याची उंची ते पुस्तकातून घेत नाहीत. परातीत कणीक मळायला लावतात आणि कोपरापासून माप धरतात.

साहेब म्हणाले, "एवढं कशाला? स्टँडर्ड हाइट घ्या ना." आणि फोन आला म्हणून गॅलरीत गेले.

ओटा तयार झाला तेव्हा मी चाट पडले. मॅडमला चांगलाच उंच होत होता. चाचा आणि माप चुकणार? मी विचारलं तर म्हणाले, "माप बराबर हाय." मॅडमची काही तक्रार नव्हती. त्या पायाखाली पाट घेऊन गुपचूप पोळ्या लाटायच्या.

दोन महिन्यांनी मॅडमची बदली झाली जळकोटला. सकाळची पहिली एसटी. साहेबांचा चाचांना फोन आला, मी शेजारीच होते.

"चाचा, सध्या स्वयंपाक मीच करून राहिलो. पण एक सांगा, हा ओटा मला इतका फिट कसा काय बसला?"

चाचा म्हणाले, "तुमी गॅलरीत गेला, तवा मॅडम म्हणल्या, साहेबांचं माप घ्या. मी लांबूनच नजरेनं घेतलं. बदलीचा अर्ज त्यांनीच टाकला होता म्हणं."

* * *

आता अप्पांचा. लातूरचेच एक रिटायर्ड अधिकारी. पुण्याला मुलीकडं जाऊन आले आणि लॉनचं खूळ घेऊन आले. आमच्याकडं नळाला पाणी कधी येणार हे नळालाही ठाऊक नसतं, त्यात लॉन!

अप्पांनी समजावून पाहिलं. "साहेब, टँकर मागवून गवताला पाजणार का?"

"ते तुम्ही बघा. मला घरासमोर सगळं हिरवंगार गवत पाहिजे."

"गवतच पाहिजे ना?"

"गवतच!"

"होगली बिडू," म्हणाले अप्पा. ते जाऊ द्या म्हणायची वेळ आली की कन्नडवर जातात. साहेब परत पुण्याला गेले, घरची मंडळी इथंच होती. अप्पांनी न्हाणीचं सांडपाणी दगडगोट्यांतून, वाळूतून फिरवून अंगणात आणलं. चर असे बेताने काढले की एक थेंब रस्त्यावर जात नव्हता. पावसाळा संपता संपता साहेब आले. अंगणभर कमरेएवढं हिरवंगार रान.

"अप्पा! हे काय आहे?"

"गवत."

"हे गवत आहे?"

"गवती चहा. नावातच हाय की."

"अहो, मला ह्याच्यावर सकाळी चालायचं होतं!"

अप्पांनी शांतपणे हिरवीगार पात तोडली, साहेबांच्या हातात दिली आणि म्हणाले, "चाला की. कप घेऊन चाला."

* * *

नांदेडच्या एका प्रोफेसरांना कपाटात चोरकप्पा पाहिजे होता. "चाचा, असा करा की घरच्यांनाही सापडू नये!"

चाचांनी तो असा केला की फळीचे रेषे फळीशी जुळले. सांधा नखालाही लागेना. कुठं दाबायचं, मग काय सरकवायचं, मग कुठं उचलायचं, असं तीन पायऱ्यांत कुलूप. प्रोफेसरांनी चाचांकडून दोनदा शिकून घेतलं, बायकोमुलांना बाहेर घालवून.

वर्षभरानं फोन आला. "चाचा, या. उघडेना झालंय."

चाचा एसटीनं नांदेडला. मीही गेले होते, मला दुसरी साइट बघायची होती. पोचलो तर हॉलमध्ये पंचवीसएक माणसं! आदल्या दिवसापासून सगळी कॉलनी प्रयत्न करत होती. एक सिव्हिल इंजिनिअर कपाटाला कान लावून ठोकून बघत होते. कोणी चाचांना पाणी दिलं, कोणी खुर्ची दिली. चाचांनी सगळ्यांदेखत एकदा दाबलं, एकदा सरकवलं, एकदा उचललं. टाळ्या!

आत एकच वस्तू होती. चार घड्या घातलेला कागद. चाचांनी तो उलगडून माझ्याकडं दिला. वर प्रोफेसरांच्या अक्षरात लिहिलं होतं: 'कप्पा कसा उघडावा'.

* * *

रेणापूरचे एक गुरुजी. शाळेतून रिटायर होऊन पुष्कळ वर्षं झाली. गेल्या हिवाळ्यात ॲपे रिक्षात घालून जुनी सागवानी खुर्ची घेऊन आले. बसलं की कुरकुरायची, उठलं की कुरकुरायची. चाचांनी चारही पाय सोडवले, जोड साफ केले, नव्या पाचरी मारल्या. खुर्ची दगडासारखी गप्प झाली. गुरुजी खूश होऊन गेले.

आठव्या दिवशी खुर्ची घेऊन परत हजर.

"काय झालं, गुरुजी? हलून राहिली का?"

"न्हाई हो. काम नंबर एक हाय." गुरुजी अवघडून उभे होते. "ती कुरकुर परत घालून देता का?"

चाचांनी हातातला रंधा खाली ठेवला.

"घरी हिला दिसत न्हाई आता," गुरुजी म्हणाले. "दोन वर्षं झाली. खुर्ची वाजली की तिला कळायचं, मी हितंच हाय म्हणून. आता गप्प बसली खुर्ची, तर दर पाच मिनिटाला विचारती, गेलाव का हो?"

मोडलेलं जोडायला चाचांना अर्धा दिवस लागला होता. जोडलेलं नेमकं तेवढंच ढिलं करायला पूर्ण दिवस गेला. पाचर काढायची, तासायची, घालायची, बसून बघायचं. एकदा आवाज बारीक आला. एकदा नुसताच टक् वाजला. गुरुजी डोळे मिटून ऐकायचे आणि मान हलवायचे. "जवळ आलाव. पण ते न्हाई."

चार वाजता गुरुजींनाही खात्री वाटेना. त्यांनी घरी फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि काही न बोलता खुर्चीच्या पायाशी धरला. चाचा खुर्चीवर बसले.

पलीकडून आवाज आला, "कोण बसलंय ते? जड माणूस हाय."

चाचा उठले. पाचर अजून केसभर तासली, बसवली आणि गुरुजींना खूण केली. गुरुजी फोन माझ्या हातात देऊन हळूच बसले.

खुर्ची कुरकुरली.

मग आजी म्हणाल्या, "कवा आलाव हो? मला दार वाजलेलं ऐकूच आलं न्हाई."