काहिलीतून कृष्णाकाठ

लग्नानंतर पहिल्यांदाच चार दिवस निवांत सांगलीकडे जायचं ठरलं, तेव्हा बायकोने विचारलं, "तुमच्याकडे बघण्यासारखं काय आहे?" ती नागपूरची. मी बारावीपर्यंत सांगलीत वाढलेला. गणपतीचं देऊळ, म्हणालो. मग जरा थांबून, नदी. मग पूल, कारण नदी आहे म्हटल्यावर तोही आलाच.

आई-वडील आता पुण्यात आमच्याजवळ असतात, म्हणून उतरलो काकांकडे. त्यांचं गाव सांगलीच्या जवळच, कृष्णेच्या काठावर. काका फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. निवृत्तीला बरीच वर्षं झाली तरी घरातल्या प्रत्येक गोष्टीची ते मोहीम करतात. काकू मेथी निवडायला बसली तरी बाजूला उभं राहून सूचना देतात.

पहिल्या दिवशी मी बायकोला गणपती दाखवला, पूल दाखवला आणि हळदीचा सौदा बघायला मार्केट यार्डात नेलं. तिथे ती इतकी शिंकायला लागली की एका अडत्याने सौदा थांबवून तिला पाणी दिलं. येताना भडंगाची मोठी पिशवी घेतली. जेवणाच्या वेळेला आम्ही घरी हजर आणि बघायचं सगळं संपलेलं.

जेवताना बायकोने सहज विचारलं, एवढी मोठी नदी आहे तर इथे कयाकिंग वगैरे चालतं का? काकांनी भाकरी मोडता मोडता हात थांबवला. ते काय असतं, असं विचारलं. तिने मोबाइलवर एक माणूस निमुळत्या होडीत बसून वल्हं मारताना दाखवला. काकांनी तो बारकाईने पाहिला आणि म्हणाले, "एवढंच व्हय? आपल्याकडं काहील हाय की."

काहील म्हणजे गुऱ्हाळात उसाचा रस आटवायची लोखंडी कढई. आठ-दहा माणसं गोल करून बसतील एवढी मोठी, तळाला जवळजवळ सपाट. काकांचं गुऱ्हाळ कधीच बंद पडलं, काहील मात्र गोठ्यामागे पालथी पडून होती. महापुरात तिच्यातून त्यांनी शेजारची म्हातारी आणि एक रेडकू सुखरूप काढलं होतं. काकूचं म्हणणं असं की तेव्हा काका काहिलीत बसलेच नव्हते. चार पोहणारे ती ढकलत होते आणि हे काठावरून ओरडत होते. त्यावर काकांनी ताकाची वाटी पुढे केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून काहील नदीवर नेली. थंडीचे दिवस, पाणी संथ, दोन्ही काठांना ऊस. बायकोने लाइफ जॅकेटचं विचारलं. काकांनी त्याचीही सोय केली होती. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाची फुगवलेली ट्यूब त्यांनी तिच्या डोक्यावरून कमरेपर्यंत उतरवली. मला पोहता येतं म्हणून मला काही नाही. भडंगाची पिशवी, पाण्याची बाटली आणि आम्ही तिघं असे काहिलीत बसलो. ट्रॅक्टरवाल्याने ढकलून दिलं आणि तो परत गेला.

काहिलीला पुढची बाजू नसते. वल्ह्याऐवजी काकांनी एक फळी आणली होती. ती उजवीकडून मारली की आम्ही डावीकडे गोल फिरायचो, डावीकडून मारली की उजवीकडे. पाच मिनिटांत देऊळ, पूल, ऊस, परत देऊळ असं सगळं माझ्यासमोरून इतक्या वेळा गेलं की मी डोळे मिटून घेतले. बायको मात्र खूश होती. कुठेही मान न वळवता तिला दोन्ही काठ दिसत होते. मी काकांना सुचवलं की आपण मागे फिरू या. ते म्हणाले, मागं कुठं हे आधी ठरू दे.

तेवढ्यात प्रवाहाने आम्हाला पलीकडच्या काठाकडे ओढलं. तिथे घाटाच्या पायऱ्यांवर माणसं जमली होती. सगळे पांढऱ्या टोप्या घालून, गप्प, एकाच दिशेला बघत उभे. माझ्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. कुणाचा तरी दहावा होता. खालच्या पायरीवर पत्रावळीत पिंड ठेवलेला, आणि वरच्या झाडावरून एक कावळा नुकताच उतरून टुणटुण त्याच्या दिशेने निघाला होता. आमची काहील गोल फिरत आली आणि पायरीवर घंटेसारखी आदळली. कावळा उडाला. झाडावरचे बाकीचेही उडाले.

बायको घाईने उभी राहिली, तोल जाऊन भडंगाच्या पिशवीवर बसली आणि पिशवी फुटून भडंग काहीलभर पसरलं. आम्ही तिघं पायरीवर उतरलो. तिच्या कमरेची ट्यूब निघेना, म्हणून ती तशीच हात जोडून उभी राहिली.

गेलेल्या माणसाचा थोरला मुलगा तासाभरापासून कावळ्याची विनवणी करत होता. आईला सांभाळीन, भावाशी भांडणार नाही, म्हैस विकणार नाही, असं सगळं कबूल करून झाल्यावर आत्ता कुठे तो उतरला होता. मुलाने आमच्याकडे जे पाहिलं त्यावरून भावाऐवजी आता आमच्याशी भांडण होणार हे दिसत होतं. काकांनी पुढे होऊन गेलेल्यांच्या बायकोला नमस्कार केला. "वैनी, चुकलं आमचं," एवढंच म्हणाले. फौजेचा आवाज इतका खाली आलेला मी कधी ऐकला नव्हता.

भटजींनी सगळ्यांना मागे सरायला लावलं. आम्हीही त्यांच्यात उभे राहून वाट पाहू लागलो. बऱ्याच वेळाने एक कावळा आला. तो पिंडावरून सरळ पुढे गेला, काहिलीच्या काठावर बसला आणि आत उतरून भडंग खाऊ लागला. मग दुसरा आला. मग सगळेच.

हे चालतं का, असं थोरल्याने भटजींना विचारलं. एवढ्यात थोरल्याची म्हातारी आई म्हणाली, "दात गेल्यापास्नं भडंग बंद झालं हुतं त्यांचं. रोज मागायचे. मी द्यायची न्हाई." आणि तिने तोंडाला पदर लावला. ती रडते आहे असं वाटून बायको ट्यूबसकट पुढे गेली, तर म्हातारी हसत होती. हसता हसता मग रडलीही.

भटजींनी मार्ग काढला. बायकोने काहिलीतून ओंजळभर भडंग आणून पिंडाशेजारी ठेवलं. ती हात मागे घेतेय न घेतेय तोवर एक कावळा आला, आधी भडंग आणि मग पिंडही टोचून गेला. गर्दीतून मोठा निःश्वास निघाला. थोरल्याने डोळे पुसले आणि म्हैस नक्की विकणार नाही असं पुन्हा एकदा सांगितलं, खरं तर आता कुणी विचारत नव्हतं.

त्यांनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. ट्यूबची हवा त्यांच्याच एका पाहुण्याने काढली. म्हातारीने बायकोला शेजारी बसवून घेतलं, माहेर कुठलं विचारलं, नागपूर लय लांब पडतं म्हणून हळहळली. परतीचा प्रवास टेंपोतून पुलावरून झाला, काहील पालथी आणि आम्ही तिच्यावर.

दारात काकूने तिघांकडे पाहिलं. दहाव्याहून आलोय म्हटल्यावर तिने कसला दहावा ते विचारलं नाही. मागच्या दारी जाऊन अंघोळी करा, त्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही, असं सांगून आत गेली. गार पाण्याची बादली अंगावर ओतून घेत काका मला समजावत होते की काहिलीत काही दोष न्हाई, वारा तेवढा आडवा निघाला. पलीकडून बायको ओरडून विचारत होती की गरम पाणी आहे का. नव्हतं.