काळ्या डोक्याचा कुरव

आमच्या ह्यांना पक्ष्यांचं वेड आणि मला चिखलाची भीती. तरी लग्नानंतरच्या तिसऱ्या शिमग्यात, धुळवडीच्या सकाळी, मी त्यांच्या मागून पनवेलबाहेरच्या मिठागरावर गेले. रंगात भिजण्यापेक्षा ते बरं, एवढाच विचार. स्वातंत्र्याला तेव्हा दहाएक वर्षं झाली होती, पण नवऱ्याला नाही म्हणायला मी अजून शिकले नव्हते.

मिठागराच्या वरच्या अंगाला मोठं तळं होतं. पुनवेच्या उधाणाला खाडीचं पाणी त्यात भरून घेत आणि मग हळूहळू वाफ्यांत सोडत. काठाला कुरव बसले होते, पांढरेशुभ्र, वाऱ्याकडे तोंड करून. त्यांत एक चांगला दुप्पट मोठा, डोकं काळंभोर, चोच पिवळी. "असा इथं दिसत नाही गं," हे कुजबुजले आणि वहाणा काढून पुढे सरकले. रिकाम्या तळ्याचा तळ वरून सुका, भेगाळलेला दिसत होता. थोडं पुढे गेल्यावर तो पापुद्रा फुटला आणि हे मांडीपर्यंत आत गेले.

मला आधी हसूच आलं. हे पाय काढायला गेले तसे कमरेपर्यंत रुतले, तेव्हा हसू पळालं. त्याच सुमारास पलीकडच्या बांधावर मिठागराच्या गड्यांनी उघाडीच्या, म्हणजे खाडीकडच्या दाराच्या, फळ्या उपसल्या आणि भरतीचं पाणी तळ्यात शिरायला लागलं.

मी दोन्ही हात तोंडाशी नेऊन ओरडले, "धावा! धावा!" पलीकडून त्यांनी तोंडावर हात मारत बोंब ठोकली. मी जिवाच्या आकांताने ओरडले, त्यांनी आणखी जोरात ठोकली. पनवेलची बाई शिमगा खेळायला आलीय, त्यांना केवढी गंमत! पळत जाऊन सांगावं तर सगळ्या तळ्याला वळसा, आणि पाठ फिरवली की हे दिसेनासे होतील असं वाटत होतं. पाणी ह्यांच्या छातीला लागलं. "घाबरू नकोस," हे म्हणत होते आणि त्यांचे ओठ पांढरे पडले होते. माझा आवाजच फुटेना. मी मटकन खाली बसले.

गड्यांच्या भाकऱ्या घेऊन आलेली एक म्हातारी पलीकडे थबकली. कपाळावर हात धरून तिने माझ्याकडे पाहिलं आणि बांधावरून झपाझप आली.

"काय झाला गो बाय? मंगाशी बोंबलत व्हतीस, आता गप का?"

मी नुसतं बोट दाखवलं. तिने डोक्यावरची पाटी टाकली आणि एकेका गड्याला नावाने हाक मारली. मग मात्र ते धावले. उघाडीच्या उपसलेल्या फळ्या पाण्यावर टाकून, त्यांवर पालथे पडून त्यांनी ह्यांना ओढून काढलं.

"उडाला का गं तो?" हे पहिलं वाक्य. चिखलाने भरलेल्या त्या माणसाला मी सगळ्यांदेखत बडवलं आणि मग रडले.

पुढे मी बोलायला शिकले. भांडते, ओरडते, हे पेपरातून डोकं वर काढत नाहीत. पण कधी मी गप्प झाले, की बाहेरच्या खोलीतून घाईघाईने येतात आणि दारात उभे राहून विचारतात, "काय झालं?" तेव्हा त्यांचे ओठ पांढरे पडलेले असतात.