भांडीबाजाराच्या चित्रातली सही

बातमी आली तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो. सौदी अरेबियात रास अल खैरला समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पात देखभाल विभाग माझ्याकडे आहे. फोनवर ग्रुपचा मेसेज झळकला, ‘आपला पेंटर गेला. कॅम्पवर, झोपेतच.’ मी तो वाचला, फोन पालथा ठेवला आणि पंपांच्या दुरुस्तीवर पुढे बोलत राहिलो. पेंटर म्हणजे महादेव लोहार. अकरा वर्षांच्या ओळखीत मी या माणसाला नावानं हाक मारली नव्हती... ते गेले त्याला आता सहा आठवडे होतील.

लोहार मिरजेकडचे. कोल्हापुरात चित्रकलेची पदविका घेतली, चित्रकला शिक्षकाची नोकरी काही मिळाली नाही, मग दुकानांच्या पाट्या रंगवता रंगवता इथे आले. टाक्यांवरचे आकडे, पाइपांवरचे बाण, धोक्याच्या सूचना ही सगळी त्यांची कामं. अरबी वाचता येत नव्हतं, पण अरबी अक्षर असं वळणदार उतरवायचे की सौदी फोरमनसुद्धा थांबून बघायचा. माझी मुलगी सई अकरावीत होती तेव्हा तिला शाळेत युरोपातल्या प्रबोधनकाळातल्या चित्रकलेवर प्रोजेक्ट करायचं होतं. मला त्यातलं ओ की ठो कळेना. पेंटर शिकलेला आहे असं कुणीतरी म्हणालं, म्हणून त्यांना शुक्रवारी घरी बोलावलं. इस्त्रीचा शर्ट घालून आले, चपला दाराबाहेर काढल्या आणि सोफा सोडून जेवणाच्या टेबलाशी बसले.

पुढचे चार महिने ते दर शुक्रवारी येत राहिले. मी पेपर वाचायचं निमित्त करून ऐकायचो. “फ्लॉरेन्समध्ये चित्रकाराची वेगळी अशी जमातच नव्हती, बाळ,” ते सईला सांगायचे. “वैद्य आणि औषधं विकणाऱ्यांच्या संघात त्याचं नाव घालायचे. रंगाची पूड त्यांच्याच दुकानात मिळायची ना. गिऱ्हाईक करारात लिहून घ्यायचं, निळा अमुक इतका भारी पाहिजे, सोनं इतकं पाहिजे. चित्र कुणाच्या हातचं, ते नंतरचं.”

“फिर चेंज कब हुआ, अंकल?” सईनं विचारलं.

“हळूहळू. चार-पाच पिढ्या गेल्या त्यात. मग गिऱ्हाईकच म्हणायला लागलं, निळा कसला का असेना, पण हात तुझाच पाहिजे. राजेलोक चित्रकाराची वाट बघत बसायला लागले.” आणि हसून म्हणाले, “तोवर बिचारे माझ्यासारखेच. आज देवाचं चित्र, उद्या घोड्याचं खोगीर.”

सईला प्रोजेक्टमध्ये पैकीच्या पैकी मार्क मिळाले. मी खूश होऊन त्यांना एक चित्र काढायला सांगितलं, नाशिकच्या भांडीबाजाराचं. तिथे माझ्या वडिलांचं दुकान होतं. माझ्याकडच्या दोन जुन्या फोटोंवरून त्यांनी आठ शुक्रवार खपून ते कॅनव्हासवर तैलरंगात उतरवलं. घंगाळांवर पडलेलं सकाळचं ऊन, हंड्यांच्या उतरंडी, तांब्यावर ठोके घालणारा कारागीर... माझे वडील दुकानात कसे बसायचे हे मी त्यांना सांगितलंही नव्हतं, तरी ते तसेच बसलेले होते. उजव्या कोपऱ्यात, दुकानाच्या पायरीवर, बारीक अक्षरांत सही होती, महादेव लोहार.

दिवाळीला माझे वरिष्ठ आणि ऑफिसातली मंडळी घरी जेवायला येणार होती. हॉलमध्ये चित्र लावलं आणि माझी नजर त्या सहीवर अडकली. प्लांटवर ‘येथे थांबा’ रंगवणाऱ्या माणसाचं नाव माझ्या भिंतीवर! लोक काय म्हणतील? मी त्यांना बोलावून घेतलं.

“पेंटर, ती सही तेवढी काढता येईल का? चित्र मोकळं दिसेल जरा.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “पुसायचं झालं तर रंग खरवडंल, साहेब. वरनं पायरीचा रंग लावतो.” थोड्या वेळानं ब्रश हातात धरूनच त्यांनी विचारलं, “सगळी झाकू, का पुसट दिसू दे?”

“सगळी,” मी म्हणालो.

दोन मिनिटांचं काम. मग त्यांनी चहा घेतला, “चालतंय, साहेब,” म्हणाले आणि गेले. सई दारात उभी होती. “बाबा, यू आर दॅट गिऱ्हाईक,” एवढंच बोलून ती खोलीत गेली. दिवाळीत कुणीतरी विचारलं तेव्हा मी सांगितलं, पुण्याच्या एका आर्टिस्टकडून करून घेतलंय... सई पुढे शिकायला भारतात गेली आणि लोहारांचं आमच्याकडे येणं थांबलं. प्लांटवर दिसले की हात वर करायचे. मी मान हलवायचो.

ते गेल्यावर त्यांना गावी पाठवायच्या कागदांवर विभागप्रमुख म्हणून मी सही केली. व्यवसायाच्या रकान्यात इकाम्यावरचंच, म्हणजे इथल्या रहिवासी परवान्यावरचंच, उतरवलं होतं, रंगकाम मजूर. त्याखाली माझी लपेटदार सही.

मग पंधरा दिवसांनी फोन आला. “मी सुनंदा लोहार, महादेव लोहारांच्या घरातनं बोलते. तुमच्या हॉलमध्ये ह्यांचं चित्र हाय न्हवं? पाहुणे आले की तुम्ही ह्यांचं नाव दाखवता, असं ह्यांनी सांगितलेलं. घरात ह्यांचं एकबी चित्र ऱ्हायलं नाही, सगळी विकली. त्या नावाचा फोटो पाठवता का? नातवाला दाखवीन.”

मी म्हणालो, “हो, पाठवतो.”

चार दिवस मी तो फोटो पाठवू शकलो नाही. पाचव्या दिवशी मीच फोन लावला आणि सांगितलं, सही दिसत नाही, वरून रंग दिलाय.

“कुणी दिला?”

“त्यांनीच. मी सांगितलं म्हणून.”

मग त्या म्हणाल्या, “बरं. ठेवते आता, कुकर लावलाय.”

हा लेख छापायला पाठवण्याआधी त्यांना विचारावं म्हणून दोनदा फोन केला. त्यांनी उचलला नाही. सगळं सविस्तर लिहून मेसेज केला, तेव्हा उत्तर आलं, ‘लिवा. नाव पुरं लिवा.’

चित्र अजून हॉलमध्ये आहे. दुपारी चारच्या सुमाराला ऊन तिरकं भिंतीवर येतं. तेव्हाही पायरी सपाटच दिसते, तपकिरी, स्वच्छ. पण बोट फिरवलं की रंगाखाली अक्षरं लागतात. महादेव... तिथवर जातो आणि हात मागे घेतो.